मेंटेनन्समधली फणी

आमच्या घरात इंग्रजीत काहीही लिहायचं असलं की ते माझ्याकडे यायचं. वडील जळगावकडून बोईसरजवळच्या वीज केंद्रात नोकरीला आले आणि वसाहतीतल्या शाळेत त्यांनी मला इंग्रजी माध्यमात घातलं. त्यामुळे शेजारच्या काकूंचा बँकेचा अर्ज, मामाच्या गॅस एजन्सीला पाठवायची तक्रार, पुढे पुढे इमारतीतल्या सगळ्या मजल्यांच्या नोटिसा, असं सगळं मी लिहीत आले. कोणी स्पेलिंग विचारलं तर मला डोकं खाजवावं लागत नसे. पालघरच्या कॉलेजातून रसायनशास्त्र घेऊन पदवी झाली आणि बोईसरच्या एका औषधी रसायनांच्या कारखान्यात, कागदपत्रांच्या विभागात, मला नोकरी मिळाली. मुलाखत घेणाऱ्यांनी माझा अर्ज वाचून सांगितलं होतं की असं स्वच्छ इंग्रजी इथे फार कमी जणांचं असतं. ते वाक्य मी बरीच वर्षं मनात जपून ठेवलं होतं.

आमच्या विभागाचं काम म्हणजे कारखान्यात जे जे लिहिलेलं असतं त्याची जबाबदारी घेणं. नोंदवह्या, कामाच्या पद्धतींचे कागद, पिंपांवरची लेबलं आणि भिंतींवरच्या, यंत्रांवरच्या पाट्या. औषधाच्या कारखान्यात पाटीला फार मान असतो. यंत्र बंद ठेवून कोणी आत काम करत असेल तर त्याच्यावर एक पिवळी पाटी टांगतात. ती यंत्रावर असताना त्याचं बटण कोणीही दाबायचं नाही; एरवी ती शेजारच्या खुंटीला टांगलेली असते. त्या पाटीवर दोनच शब्द असतात: अंडर मेंटेनन्स.

साडेतीन वर्षांपूर्वी एका परदेशी गिऱ्हाइकाची माणसं कारखाना तपासायला येणार होती. सगळ्या जुन्या पाट्या बदलायच्या ठरल्या. जुन्या पाट्या पत्र्याच्या होत्या, कुणा रंगाऱ्याने हाताने रंगवलेल्या. अक्षरांवर रंगाचा थर चांगला जाड, पण कडेने गंज चढलेला. नव्या पाट्या बोईसर स्टेशनजवळच्या एका दुकानातून छापून घ्यायच्या होत्या. मजकूर मी टाइप केला, सगळा मोठ्या अक्षरांत. छापण्याआधी त्या कागदावर चार सह्या लागत. माझी, माझ्या साहेबांची, दुरुस्ती विभागाच्या इंजिनिअरची आणि प्लांट हेडची. चारही झाल्या. गुळगुळीत, चकचकीत बत्तीस पिवळ्या पाट्या आल्या आणि एका शनिवारी जुन्या काढून त्या लावल्या गेल्या.

सोमवारी सकाळी मी नव्या पाट्यांची यादी घेऊन खाली उत्पादनाच्या भागात फिरत होते. तिथे मावशी फडकं मारत होत्या.

त्या ठेकेदाराकडून साफसफाईला येत. आमच्याकडे अशा सगळ्या बायकांना मावशीच म्हणतात, पण या मावशी सर्वांत जुन्या, नऊ वर्षं झालेल्या. महामार्गाच्या पलीकडे डोंगरात त्यांचा पाडा. पावसाळ्यात घरचं थोडं भात, थोडी नाचणी. पूर्वी पावसाळा संपला की नवरा-बायको वीटभट्टीवर जात. नवरा गेल्यावर त्या कारखान्यात आल्या. रोज पहाटे खचाखच भरलेल्या जीपमधून उतरत आणि सातच्या आत गेटवर असत. दुसरीपर्यंत शाळा. मराठीत सही करता यायची आणि जीपवरचं गावाचं नाव वाचता यायचं. इंग्रजीचं एक अक्षरही त्यांना कोणी कधी शिकवलेलं नव्हतं.

मी जवळून जाताना त्या म्हणाल्या, "मॅडम, ही पाटी वेगळी हाय."

"नवी आहे ना मावशी, म्हणून."

"नवी हाय ते दिसतंय. पन शब्द तो नाय."

मला घाई होती. मी हसून म्हटलं, "शब्द तोच आहे. छपाई वेगळी आहे, म्हणून तसं वाटतंय."

त्यांनी मान हलवली आणि फडकं बादलीत बुडवलं. मी चार पावलं पुढे गेले. मागून त्यांचा आवाज आला, अगदी साधा, वाद घालायचा नसलेला. "त्याच्यात दोन खोपटं व्हती. इथं तीन झाली."

मी परत फिरले. "कसली खोपटं?"

त्यांनी ओल्या बोटाने पाटीवरचं ए अक्षर दाखवलं. वर टोक, खाली दोन पाय, मधे आडवी काठी. मोठ्या लिपीतला ए खरोखरच खोपटासारखा दिसतो. मला तो जन्मात कधी तसा दिसला नव्हता. मग त्यांनी जुन्या पाटीवरचा तो दुसरा शब्द मला तोंडपाठ म्हणून दाखवला. बोट हवेत फिरत होतं आणि त्या एकेक सांगत होत्या. आधी दोन डोंगर. मग खोपट. मग नुसता खांब. मग दोन खांब नि मधी तिरकी काठी. मग डोक्यावर भारा घेतलेली बाई. मग तीन दातांची फणी. मग परत तिरकी काठी, परत खोपट, परत तिरकी काठी. मग विळा. आणि शेवटी परत फणी.

"भारा घेतलेल्या बाईच्या मागं फणी पायजे," त्या म्हणाल्या. "तिथं तुमी खोपट नि खांब ठेवलाय."

मी पाटीकडे पाहिलं. एम, ए, आय, एन, टी, आणि मग ए, आय. मला त्यात काही चूक दिसेना. मेंटेन या शब्दात ए-आय आहे, मग मेंटेनन्समध्ये तो असणारच, असं माझं मन म्हणत होतं. तरी खात्री करावीशी वाटली. मी खिशातून फोन काढला आणि शब्दकोश उघडला.

एम, ए, आय, एन, टी, ई, एन, ए, एन, सी, ई.

टी नंतर ई. भारा घेतलेल्या बाईच्या मागे फणी.

मी पुन्हा वाचलं. दुसऱ्या शब्दकोशात पाहिलं. मग पाटीकडे, मग मावशींकडे. त्या पुढच्या यंत्राकडे गेल्या होत्या आणि त्याच्या झाकणावरची धूळ टिपत होत्या. कपाळावर टोपीची जाळी खाली सरकलेली, ती त्यांनी मनगटाने वर केली. नऊ वर्षं आमच्यासारखी सगळीच माणसं त्यांच्या शेजारून गेली होती. त्यांच्या डोळ्यांत काय काय साठत होतं याची आम्हाला कल्पनाही नव्हती. मला एकदम लहान झाल्यासारखं वाटलं. आणि गंमत म्हणजे त्यात दुःख नव्हतं. समुद्रासमोर उभं राहिल्यावर माणूस लहान होतो तसं ते होतं.

"मावशी, हे तुम्हाला कसं कळलं?"

"रोज पुसते ना. जुन्या पाटीला रंग उठलेला व्हता, फडकं अडायचं. हाताला ठावं हाय."

वर जागेवर येऊन मी माझ्याच जुन्या नोंदवह्या काढल्या. सहा वर्षांत तो शब्द मी किती वेळा लिहिला असेन कोण जाणे. प्रत्येक ठिकाणी ए-आय. माझ्या त्या वळणदार, सगळ्यांनी कौतुक केलेल्या अक्षरात. शाळेतल्या निबंधांतही मी तसंच लिहिलं असणार आणि तपासणाऱ्यांनाही ते खटकलं नसणार. कॉम्प्युटरने तरी लाल रेघ का मारली नाही, हे शोधलं. मोठ्या अक्षरांतले शब्द तो तपासतच नव्हता, त्याला तसं सांगून ठेवलेलं होतं. चार सह्या आणि एक कॉम्प्युटर, आणि कोणालाच काही दिसलं नाही.

साहेबांना सांगायला गेले तेव्हा ते आधी माझ्यावर चिडले, मग स्वतःची सही आठवून नरमले. प्लांट हेडकडे आम्ही दोघं गेलो. ते दक्षिणेकडचे, निवृत्तीला आलेले, फार कमी बोलणारे गृहस्थ. त्यांनी विचारलं, चूक कोणी पकडली. मी सांगितलं. साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं की हे सांगायची काय गरज होती.

"ती वाचते का?" प्लांट हेडनी हिंदीत विचारलं.

"नाही सर."

"मग बोलवा."

मावशी आल्या. दाराबाहेर चपला काढल्या आणि हात पुसत उभ्या राहिल्या. चेहऱ्यावर भीती स्पष्ट दिसत होती. आपण उगाच बोललो, आता कामावरून काढतील, असं त्यांना वाटत होतं, हे त्यांनी मला नंतर सांगितलं. प्लांट हेडनी भिंतीवरच्या पांढऱ्या फळ्यावर तो शब्द दोन्ही तऱ्हांनी लिहिला, एकाखाली एक. मावशींनी क्षणभर पाहिलं आणि खालचा दाखवला. बरोबर होता. प्लांट हेडनी फळा पुसला, या वेळी तीन ओळी लिहिल्या, त्यात एकीत शेवटी विळ्याच्या जागी वळवळता एस टाकला. मावशींनी मधली ओळ दाखवली आणि तिसरीकडे बोट करून म्हणाल्या, "इथं विळ्याच्या जागी साप केलाय."

मग प्लांट हेडनी तोच शब्द छोट्या लिपीत लिहिला. मावशी बराच वेळ पाहत राहिल्या. "हा मला ठावं नाय," त्या म्हणाल्या. "हा कदी पुसला नाय."

ते ऐकून प्लांट हेड खुर्चीतून उठले. का उठले ते त्यांनाही ठाऊक नसावं. त्यांनी समोरची खुर्ची मागे ओढली आणि "बैठिए" म्हणाले. मावशी बसल्या नाहीत, पण त्यांनी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. मग प्लांट हेड मला म्हणाले की पाट्या पुन्हा छापून घ्या, आणि लावायच्या आधी यांना दाखवा.

दुसऱ्या दिवशी मी मावशींबरोबर सगळा प्लांट फिरले. माझ्या हातात यादी होती, त्यांच्या हातात फडकं. तीसेक शब्द त्यांना असे पाठ होते. कोणता शब्द कुठे लागतो, त्यात किती फण्या, किती विळे, कुठे गोल भाकरी. एकाही शब्दाचा अर्थ त्यांना माहीत नव्हता. नऊ वर्षांत कोणी सांगितला नव्हता आणि त्यांनी विचारला नव्हता. मी एकेक सांगत गेले. त्या ऐकून घेत होत्या. पिवळ्या पाटीपाशी आलो तेव्हा मात्र त्या थांबल्या.

"ह्याचा काय अर्थ?"

"मेंटेनन्स. म्हणजे यंत्राची काळजी घेणं, काही बिघडलं तर नीट करणं, बिघडू नये म्हणून बघत राहणं."

"राखण," त्या म्हणाल्या.

मी विचार केला. शेताची राखण, घराची राखण. मला सुचला असता तर दुरुस्ती हा शब्द सुचला असता, आणि तो अपुरा होता. "हो मावशी. राखण."

"मग मॅडम, ते मधलं खोपट का गेलं? तुमी काल सायबाला सांगत व्हता, मूळ शब्दात ते असतंय म्हनून."

चूक कशी झाली ते मी प्लांट हेडना हिंदीत सांगत होते, ते त्यांनी ऐकलं होतं. मी सांगितलं, मेंटेन म्हणजे राखणं, ती क्रिया. तिच्यात ते खोपट नि खांब असतात. पण त्या करण्याला नाव दिलं की मेंटेनन्स, आणि त्या वेळी मधलं खोपट पडतं, फणी येते. म्हणून यंत्र मेंटेन करायचं आणि पाटीवर मेंटेनन्स लिहायचं. आमचे काही ऑपरेटर वहीत 'मशीन अंडर मेंटेन' लिहितात, तेही चूक. त्या म्हणाल्या, आपलंपन तसंच हाय की. राखतो ते राखणं, नि जी करतो ती राखण. वळण बदलतं. मी शिकवत होते की शिकत होते, ते सांगता येणार नाही.

परदेशी माणसं आली, दोन दिवस राहिली, नोंदवह्या उलटसुलट केल्या, आणि पाट्यांकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. साहेब मला म्हणाले, बघ, एवढा खटाटोप कशासाठी केला. मला मात्र तसं वाटलं नाही. त्यानंतर मी आणि मावशी जेवणाच्या सुट्टीत कधी कधी एकत्र बसू लागलो. त्यांच्या डब्यात नाचणीची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी, माझ्या डब्यात आईच्या हातचं भरीत. त्यांच्या तोंडी मी कधीतरी 'मॅडम'ची 'बाय' झाले. छोटी लिपीही त्या हळूहळू शिकल्या, पण तिच्यात त्यांचं मन रमलं नाही. ती सगळी गांडुळं एकसारखी दिसतात, असं त्यांचं म्हणणं.

गेल्या वर्षी एप्रिलात त्या सलग काही दिवस थकलेल्या दिसत होत्या. विचारलं तर म्हणाल्या, पाड्यावरचा पंप बंद पडलाय. उन्हावर चालणारा पंप, वर टाकी, खाली नळ. तीन वर्षांपूर्वी बसवला होता. आता पंधरा दिवस झाले, सगळ्या बायका खाली ओढ्यात खड्डा खणून वाटी वाटीने पाणी भरत होत्या. मावशी जीपच्या आधी दोन तास उठून जात. पाड्यातले लोक पंचायतीत जाऊन आले, तिथे म्हणाले आमच्याकडे माणूस नाही. कोणाला सांगायचं तेच कळत नव्हतं.

त्यानंतरच्या सोमवारी त्या सकाळीच माझ्या टेबलापाशी आल्या. असं त्या कधी येत नसत. लेकीचा फोन बरोबर आणला होता. त्यात एक फोटो होता, पंपाच्या खांबावरच्या पत्र्याचा. वर योजनेचं लांबलचक नाव, निम्मं उन्हानं उडालेलं.

"बाय, हितं बघ," त्या म्हणाल्या. बोट नेमकं खालच्या ओळीवर. "दोन डोंगर. भारेवाली बाई नि मागं फणी. तोच शब्द हाय ना? राखणीचा?"

मी फोटो मोठा केला. इंग्रजीत लिहिलं होतं: पाच वर्षं संपूर्ण मेंटेनन्स. खाली बसवणाऱ्या ठेकेदाराचा फोन नंबर आणि बसवल्याचं वर्ष. पाच वर्षांतली तीनच झाली होती.

त्या पत्र्याखालून तीन वर्षं सगळा पाडा पाणी भरत होता. पंचायतीची माणसं येऊन गेली होती, शाळेचे गुरुजी रोज जात होते. त्या पत्र्यावर आपल्या कामाचं काही लिहिलेलं असेल असं कोणाला वाटलं नव्हतं. आदल्या रविवारी मावशी रिकामा हंडा घेऊन त्या खांबाला टेकून बसल्या होत्या आणि त्यांना त्या ओळीत ओळखीचा शब्द दिसला. फक्त दिसला नाही, त्याचा अर्थ आठवला, आणि कोणीतरी राखण करायचं लिहून दिलंय हे त्यांना कळलं.

त्या नंबरावर मी फोन केला. पलीकडचा माणूस म्हणाला, तक्रार नंबर काय. नाही म्हटलं तर म्हणाला, मग पंचायतीकडून लेखी आणा. मावशी शेजारी उभ्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "त्याला सांग, लिवलेलं हाय." मी तेच सांगितलं. त्याने फोन ठेवला.

मग मी पत्र लिहिलं. ठेकेदाराला एक आणि योजना चालवणाऱ्या कार्यालयाला एक, फोटो जोडून. आयुष्यात इंग्रजी पत्रं कमी लिहिली नाहीत, पण एखादा शब्द इतक्या जपून मी कधी लिहिला नव्हता. टी नंतर थांबले, ई टाकला, मग पुढे गेले. मावशींनी पाठवायच्या आधी पडद्यावर तो पाहून घेतला. छोट्या लिपीत होता, म्हणून मी त्यांच्यासाठी मोठा करून दाखवला. "बरोबर," त्या म्हणाल्या.

नवव्या दिवशी दोन माणसं मोटरसायकलवरून पाड्यावर पोचली. पंप ठीक होता, त्याचा कंट्रोलर जळाला होता. तो बदलून दिला आणि दुपारपर्यंत टाकी भरली.

त्या रविवारी मावशींनी मला घरी बोलावलं. बोईसरहून पूर्वेला, महामार्ग ओलांडून, पुढे डांबर संपतं तिथपर्यंत जीप, मग चढ. नळाशी बायका होत्या, हंड्यांची रांग होती, कोणी घाईत नव्हतं. मावशी मला खांबापाशी घेऊन गेल्या आणि पत्र्याखाली उभ्या राहिल्या. जमलेल्या बायकांना त्यांनी आपल्या बोलीत सांगायला सुरुवात केली. अजून दोन वरसं त्यांची राखण हाय, बिघडला तर आपन बोलवायचं, त्यांनी यायचं, ह्या शब्दाला बघून ठेवा. बायका एकेक पुढे येऊन पत्र्याकडे पाहत होत्या. एका म्हाताऱ्या आजीने त्या शब्दावरून बोट फिरवलं, पूर्ण, पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत. मी बाजूला उभी होते.

तिथल्या एका मुलीने मला विचारलं की मेंटेनन्सच्या आधीचा तो लांब शब्द कोणता. मी वाचून दाखवला, कॉम्प्रिहेन्सिव्ह. अर्थ विचारला तेव्हा मी म्हटलं, सगळं धरून, काही न वगळता. मग तिने स्पेलिंग न बघता सांगायला लावलं, आणि मधे एस की सी यावर मी अडले. ती हसली. मावशीही हसल्या, मलाही हसू आलं.

मला जीपपर्यंत सोडायला येताना मावशींनी ठेकेदाराच्या माणसाने सांगितलेली एक गोष्ट मला सांगितली. वरच्या काचांवर धूळ बसली की पंपाला जोर कमी मिळतो, म्हणून त्या पुसत राहायला हव्यात. आता पाड्यातल्या बायकांनी पाळ्या लावल्या आहेत. दर आठवड्याला दोघी जणी शिडी लावून वर चढतात. पहिली पाळी मावशींनी स्वतःकडे घेतली होती.